झाकण हवं, पण कसं?



तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी माशांची काचेची टाकी आहे? आणि तिच्यावर झाकण आहे का? ‘छे! झाकण कशाला? उघडीच छान दिसते,’ असं म्हणणारे पुष्कळ असतील. मीही तसंच म्हणत होते. पण एका सोमवारी सकाळी माझं हे म्हणणं साफ चुकीचं ठरलं. त्याचीच ही गोष्ट.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. आमच्या वर्गात दाराजवळच्या टेबलावर माशांची टाकी आहे. 60 सेंटीमीटर लांब, 30 सेंटीमीटर रुंद. मुलांनी खाऊचे पैसे साठवून तिच्यात सहा झेब्रा मासे आणि दोन गुरामी आणले. झेब्रा म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला चपळ मासा. टाकी अगदी काठोकाठ भरायची, म्हणजे ती मोठी वाटते, असा माझा हट्ट!

त्या सोमवारी मुलांनी मासे मोजले, तर झेब्रा पाचच. सगळीकडे शोधाशोध झाली. शेवटी झाडू मारताना टेबलामागे सहावा सापडला. वाळून अगदी काडीसारखा झालेला. वर्ग एकदम गप्प झाला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, त्याला आपल्याकडे राहायचं नव्हतं का?”

मुलांनो, मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. “नंतर सांगते हं,” म्हणून मी वेळ मारून नेली.

त्याच संध्याकाळी मी काचवाल्याकडे गेले. टाकीच्या मापाची एक काच कापून घेतली, बोट कापू नये म्हणून तिच्या कडा घासून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी ती टाकीवर ठेवून दिली. पंपाच्या नळीपुरता एक कोपरा तेवढा कापलेला. आता कोण बाहेर पडतंय बघू! मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

मग मार्च आला. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगावा? पत्र्याच्या छपराखालची आमची खोली बारा वाजताच तापते. एके दिवशी दुपारी वीज गेली. पंखे थांबले, टाकीतला हवेचा पंपही थांबला. काचेच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते. काही मुलं म्हणाली, “बाई, मासे गाणं म्हणतायत!” पण ते गाणं नव्हतं, बरं का. त्यांना श्वास पुरत नव्हता. मी धावत जाऊन काच उचलली.

हे असं का झालं, ते नीट समजून घेऊ या. मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. तो पाण्यात येतो मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून. आणि पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, 30 अंशांना मात्र जेमतेम साडेसात. वरून काच असली की उष्णता आत कोंडते, पाण्याची वाफ बाहेर जात नाही आणि पाणी थंडही होत नाही. आपण माठावर प्लॅस्टिक गुंडाळलं तर त्यातलं पाणी गार होईल का? तसंच हे. त्यात गुरामीची तऱ्हा आणखी निराळी. तो अधूनमधून पाण्याबाहेर तोंड काढून थेट हवा घेतो. मी टाकी काठोकाठ भरून वर काच ठेवली होती. मग त्यानं तोंड काढायचं कुठे?

म्हणजे झाकण नसलं तर एक मासा गेला, आणि झाकण लावलं तर सगळेच गुदमरायला लागले. आता काय करायचं? मी हा प्रश्न सरळ मुलांपुढे मांडला.

जानेवारीत आमची सहल पाणचक्कीला गेली होती. तिथल्या हौदातले मासे मुलांनी पाहिले होते, आणि आपल्या शहराच्या नहरींची माहितीही ऐकली होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने जमिनीखालच्या नहरीतून शहरात पाणी आणलं. एका मुलाला ते आठवलं. तो म्हणाला, “बाई, ती नहर झाकलेली होती, पण मधे मधे तिला वर तोंडं ठेवली होती ना? आपणही अर्धं झाकू, अर्धं उघडं ठेवू.”

“आणि अर्ध्यातून उडी मारली तर?” दुसरा म्हणाला.

“मग तिथे मच्छरदाणीची जाळी लावू!”

झालं! झाकण ठरलं. एका अर्ध्या भागावर काच, कारण जायकवाडीहून येणारं पाणी आपण जपून वापरतो, सगळं वाफ होऊन उडून जायला नको. दुसऱ्या अर्ध्यावर नायलॉनची जाळी. लोखंडी जाळी गंजते, म्हणून ती नको. चौकटीसाठी विजेच्या वायरी झाकायला वापरतात ती प्लॅस्टिकची पट्टी आणली. तिचे दोन भाग एकमेकांत खटकन बसतात, त्यामुळे जाळीची कड मध्ये पक्की धरली जाते. खिळा नको की डिंक नको.

मुलांनी लगेच हिशेब केला. चौकट 30 बाय 30, म्हणजे परिमिती 120 सेंटीमीटर. इतक्यात मागून आवाज आला, “बाई, आतलं माप घेतलं तर चौकट पाण्यातच पडेल की! ती काठावर टेकायला पाहिजे.” खरंच होतं. मग आम्ही टाकीचं बाहेरचं माप घेतलं. आमच्या टाकीला मधोमध एक आडवी काचपट्टी आहे, तिच्यावर दोन्ही भाग छान टेकले. नळीसाठी कोपऱ्यात अगदी नळीपुरतंच भोक ठेवलं. पाणीही काठापासून चार बोटं खाली आणलं. त्यामुळे गुरामीला हवा मिळाली, आणि उडी मारणाऱ्यालाही थोडी जागा झाली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीला थांबवून घेतलं. म्हटलं, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. झेब्रा हा आपल्याच देशातल्या ओढ्यांमधला, भातखाचरांमधला मासा. घाबरला, दुसरा मासा मागे लागला, की तो उसळी मारतो. ओढ्यात उसळी मारली की तो परत पाण्यातच पडतो. टाकीच्या पलीकडे फरशी आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आपल्याकडे राहायचं नव्हतं म्हणून तो गेला नाही गं. उडी मारणं हा त्याचा स्वभाव. फरशीचा विचार करायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही.”

ती थोडा वेळ टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आता करू आपण.”

तेव्हापासून दर शनिवारी घरी जाण्यापूर्वी ती चौकटीचे चारही कोपरे बोटानं दाबून बघते. मी न सांगता. पाच झेब्रा आणि दोन गुरामी मजेत आहेत. कधीकधी जाळीला खालून टप्प असा आवाज येतो. सगळा वर्ग वर बघतो, आणि मग हसतो.

तर मुलांनो, तुमच्या घरी टाकी असेल तर आज एवढं करा. पाणी काठापासून किती खाली आहे, कुठे मोठी फट आहे का, आत हवा खेळते का, ते बघा. काच कापायची असेल किंवा दिव्याच्या वायरीला हात लावायचा असेल, तर मात्र आई-बाबांना सोबत घ्या. आणि आई-बाबांनो, तुम्हीही थोडा वेळ काढून मुलांबरोबर माप घ्यायला बसा. चौकट थोडी वाकडी झाली तरी चालेल. आमचीही वाकडीच आहे!