डबप्लेट : झिजण्यासाठी कोरलेले साधन

१/ कोरीव लेख म्हटला की इतिहासाच्या अभ्यासकाला टिकाऊपणा आठवतो. ताम्रपटावर दान कोरताना ते 'आचंद्रार्क', म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर चालावे, अशी इच्छा त्यातच नोंदवलेली असे. विसाव्या शतकात मात्र धातूच्या पत्र्यावर कोरलेले असे एक साधन वापरात आले, जे प्रत्येक वाचनागणिक झिजत असे. त्याचे नाव डबप्लेट. हा थ्रेड तिच्या इतिहासाविषयी आहे.

२/ डबप्लेट म्हणजे एकाच प्रतीत कोरलेली ध्वनिमुद्रिका. दुकानात मिळणारी तबकडी साच्यातून शेकडोंनी, हजारोंनी निघते. डबप्लेट एखाद्या डीजेसाठी स्वतंत्रपणे कोरली जाते. जमैकाचे रेगे आणि डब, लंडनचे जंगल आणि डबस्टेप, डेट्रॉइट व बर्लिनचे टेक्नो, या संगीतप्रकारांच्या जडणघडणीत अशा तबकड्या कोरणाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

३/ तिची रचना साधी आहे. मध्ये अॅल्युमिनियमचा सपाट पत्रा आणि त्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा गुळगुळीत थर. व्यवहारात तिला 'ॲसिटेट' म्हणत, जरी त्या थरात ॲसिटेट नसे. १९३० च्या दशकात ती प्रामुख्याने रेडिओच्या कामासाठी आली, कारण कोरल्याक्षणी ती वाजवता येई. दुसऱ्या महायुद्धात अॅल्युमिनियमची टंचाई झाली, तेव्हा पत्र्याऐवजी काच वापरली गेली.

४/ 'लॅकर' हा शब्द आपल्याला परका नाही. संस्कृत 'लाक्षा', आपली 'लाख', यांच्याच कुळातला तो शब्द फारसी, अरबी व पोर्तुगीज वळणांनी युरोपात पोहोचला. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या तर खरोखरच लाखेच्या असत आणि त्यासाठीची लाख मुख्यतः भारतातून जाई. डबप्लेटच्या थरात मात्र लाख नाही. उरले आहे ते केवळ नाव. ज्वलनशीलतेत मात्र हा थर लाक्षागृहाला शोभेल असा आहे.

५/ कोरण्याचे यंत्र म्हणजे एक अतिशय अचूक लेथ. बर्लिनच्या नॉयमान कंपनीची यंत्रे या क्षेत्रात विशेष मानली जातात. तबकडी फिरत असते. माणकाची किंवा नीलमण्याची तापवलेली सुई संगीताच्या लहरींप्रमाणे थरथरत लॅकरमध्ये खाच पाडत जाते. खाचेतून निघणारा कीस केसासारखा बारीक आणि चटकन पेटणारा. तो सतत नळीने ओढून घ्यावा लागतो.

६/ कोरणाऱ्याची खरी परीक्षा खर्जात होते. खर्जाचा ध्वनी जितका मोठा, तितकी सुई आडवी अधिक सरकते आणि शेजारची खाच तितकी लांब ठेवावी लागते. म्हणजेच आवाज वाढवला की वेळ कमी होतो. डाव्या व उजव्या बाजूचा खर्ज एकमेकांशी जुळत नसेल, तर खाच कोठे खोल तर कोठे उथळ होते आणि वाजवताना सुई उडते. म्हणून खर्ज मध्यभागी, एकसारखा ठेवण्याची प्रथा आहे.

७/ तबकडीवरील जागाही सारखी नसते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरणाऱ्या १२ इंची तबकडीत बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर वेगाने जाते. आतल्या टोकाला हा वेग सुमारे २१ सेंटीमीटरवर येतो. आत जावे तसा तपशील दाटीत कोंबला जातो. त्यामुळे डीजेंना मोठा, स्वच्छ आवाज हवा असेल, तर कोरणारा गाणे बाहेरच्या भागातच संपवण्याचा प्रयत्न करतो.

८/ एरवी लॅकर ही प्रवासाची पहिली पायरी असते. तिच्यावर चांदीचा व मग निकेलचा थर चढवून उलटा साचा काढतात, त्यातून सुलटा, त्यातून पुन्हा उलटा. आणि त्या शेवटच्या साच्याने व्हिनाइलच्या तबकड्या दाबून काढतात. डबप्लेटमध्ये हा प्रवास पहिल्याच पायरीवर थांबतो. साचा ज्यापासून व्हायचा, तीच मूळ वस्तू टर्नटेबलवर जाते.

९/ लॅकर व्हिनाइलपेक्षा मऊ असते. प्रत्येक वेळी सुई फिरली की खाचेच्या कडा थोड्या घासल्या जातात. आधी झांजांसारखे तार स्वर मावळतात, मग खरखर वाढते. काही डझन वेळा वाजवल्यानंतर तबकडी थकल्याचे कानाला कळू लागते. असे असूनही लोकांनी पैसे मोजून तीच का कोरून घेतली? या प्रश्नाचे उत्तर किंग्स्टनमध्ये सापडते.

१०/ १९५० च्या दशकात जमैकाच्या राजधानीत 'साउंड सिस्टिम' ही संस्था उभी राहिली. प्रचंड ध्वनिक्षेपक, एक टर्नटेबल, तबकड्या आणि मोकळे अंगण. ड्यूक रीड आणि क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड हे तिथले नामांकित प्रतिस्पर्धी. रीड पूर्वी पोलीस खात्यात होता आणि नंतर मद्यविक्रीचे दुकान चालवी. ज्याच्याकडे इतरांना न मिळालेले गाणे, त्याच्याकडे गर्दी, असा रोखठोक हिशेब होता.

११/ गाणी अमेरिकेतून येत. प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून तबकडीवरचे लेबल खरवडून टाकत. डॉडने विलिस जॅक्सनची 'लेटर फॉर द गेटर' ही रचना 'कॉक्सन हॉप' अशा बनावट नावाने आपली खूण म्हणून मिरवली. पुढे रीडने तिचे मूळ नाव शोधून ती स्वतः वाजवली. माहिती दडवून ठेवण्यावर आधारलेली ही स्पर्धा होती.

१२/ दशकाच्या अखेरीस अमेरिकी संगीताची चाल बदलली. किंग्स्टनच्या श्रोत्यांना हवे तसे रिदम अँड ब्लूज मिळेनासे झाले, तेव्हा साउंड सिस्टिमचे मालक स्थानिक वादकांकडून गाणी करवून घेऊ लागले. ती आरंभी विक्रीसाठी नव्हती. लॅकरवर एक प्रत कोरून केवळ आपल्या अंगणात वाजवायची. जमैकाच्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या पायाशी ही एकुलती प्रत आहे.

१३/ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील एक घटना फार सांगितली जाते. स्पॅनिश टाऊनचा रडी रेडवूड ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत द पॅरागन्सच्या 'ऑन द बीच'ची तबकडी कोरून घेत होता. बायरन स्मिथ या अभियंत्याकडून गायकांचा आवाज चुकून सुटला. रेडवूडने ती तशीच ठेवायला सांगितली. रात्री त्याने आधी मूळ गाणे लावले, मग हे आवाजाविना असलेले. आणि उरलेले शब्द गर्दीने गायले.

१४/ याच वर्तुळात ऑस्बर्न रडॉक, अर्थात किंग टबी, वावरत होता. तो विद्युत उपकरणांचा तंत्रज्ञ. रीडसाठी तबकड्या कोरत असे. आवाज केव्हा घालवायचा, केव्हा क्षणभर परत आणायचा, प्रतिध्वनी कोठे सोडायचा, याचे त्याने शास्त्रच केले. मूळ ध्वनिमुद्रणावरून वेगळी प्रत काढणे म्हणजे 'डब'. या क्रियेच्या नावावरूनच पुढे एका संगीतप्रकाराला नाव मिळाले.

१५/ साउंड सिस्टिमच्या जुगलबंदीत डबप्लेट शस्त्र झाली. लोकप्रिय गायकाकडून त्याच्याच गाण्याचे शब्द बदलून घ्यायचे, त्यात आपल्या साउंड सिस्टिमचे नाव गोवायचे आणि प्रतिस्पर्ध्याची हजेरी घ्यायची. अशा 'स्पेशल'ची दुसरी प्रत असून चालतच नसे. दरबारातील स्तुतिकाव्य जसे आश्रयदात्याच्या नावाशी बांधलेले, तशी ही तबकडी तिच्या मालकाशी बांधलेली असे.

१६/ कॅरिबियनमधून स्थलांतरितांसोबत ही परंपरा ब्रिटनमध्ये गेली. १९९० च्या दशकात जंगल आणि ड्रम अँड बेसच्या डीजेंनी ती आपलीशी केली. उत्तर लंडनमधील 'म्युझिक हाऊस' हे त्यांचे ठिकाण. शनिवार-रविवारच्या कार्यक्रमांपूर्वी निर्माते नव्या रचनांच्या टेप घेऊन तिथे रांग लावत. कोरताना आवाज बाहेर ऐकू येई, म्हणून प्रतीक्षेत बसलेल्यांना प्रतिस्पर्ध्याचे नवे काम आपोआप कळे.

१७/ ही खोली एका अर्थाने बाजारपेठ आणि विद्यापीठ दोन्ही होती. घरच्या छोट्या ध्वनिक्षेपकावर भव्य वाटलेला खर्ज लेथपुढे उघडा पडे. कोरणारा तो आवरून घ्यायला सांगे आणि निर्माता पुढच्या रचनेत ते ध्यानात ठेवी. २००० नंतर दक्षिण लंडनच्या फॉरेस्ट हिलमधील 'ट्रान्झिशन' स्टुडिओत जेसन गॉझ यांनी डबस्टेपच्या पिढीसाठी हेच काम केले. त्या संगीताचा छातीत जाणवणारा खर्ज अशा खोल्यांतून तपासून निघाला आहे.

१८/ अमेरिकेत डेट्रॉइटच्या रॉन मर्फी यांनी टेक्नोच्या निर्मात्यांसाठी लॅकर कोरली. ती मुख्यतः साच्यांसाठी होती, तरी कोरणाऱ्याचा सर्जनात किती वाटा असू शकतो हे त्यांच्या 'बंद खाचे'त दिसते. सर्पिलाऐवजी पूर्ण वर्तुळ कोरले की सुई तिथेच फिरत राहते. ३३⅓ च्या वेगाने एक फेरी १.८ सेकंदांची, तीत चार ठोके बसवले की मिनिटाला बरोबर १३३⅓ ठोके होतात. हा टेक्नोला अगदी मानवणारा वेग आहे.

१९/ बर्लिनमध्ये १९९५ साली मार्क एर्नेस्टुस आणि मोरित्स फॉन ओस्वाल्ड यांच्या वर्तुळातून 'डबप्लेट्स अँड मास्टरिंग' उभे राहिले. स्टुडिओच्या नावातच जमैकाचे ऋण मान्य केलेले आहे. किंग्स्टनच्या अंगणातील युक्ती चार दशकांत बर्लिनच्या टेक्नोपर्यंत पोहोचली होती.

२०/ आता इतिहासाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. डबप्लेटवरील अनेक रचना पुढे कधीच प्रसिद्ध झाल्या नाहीत. त्यांची कोरलेली प्रत हीच त्यांची प्रसिद्धी. जी रचना गर्दीला आवडे ती पुन्हा पुन्हा वाजे; लोक ओरडून ती मागे ओढायला लावत आणि डीजे सुरुवातीपासून पुन्हा लावी. प्रत्येक दादेसरशी तबकडी अधिक घासली जाई.

२१/ याचा अर्थ नीट पाहायला हवा. आज एखाद्या जुन्या पेटीतून चार डबप्लेट निघाल्या, तर त्यांतली सर्वांत स्वच्छ वाजणारी तबकडी बहुधा सर्वांत कमी वाजलेली असेल. जिच्यावर एक संपूर्ण हिवाळा नाचून गेला, तिच्यातून खरखरीखेरीज फारसे हाती लागणार नाही. जे सुस्थितीत उरले ते महत्त्वाचे होते, हे गृहीतक इथे उलटे पडते.

२२/ मराठी वाचकाला हे कागदपत्रांवरूनही उमगेल. रोज हाताळलेली वही फाटते आणि कपाटात विसरलेली दप्तरे शाबूत राहतात. फरक एवढाच की, डबप्लेटची झीज हाही पुरावा आहे. कोणत्या भागात खाच अधिक घासली आहे, सुई पुन्हा पुन्हा कोठे टेकवली आहे, हे पाहून ती कशी वापरली गेली याचा अंदाज बांधता येतो. आवाज हरवतो, पण वापराची नोंद मागे राहते.

२३/ न वाजवलेली तबकडीही कायम टिकत नाही. लॅकर लवचीक राहावे म्हणून त्यात एरंडेल तेल मिसळत. काळाच्या ओघात ते विघटित होऊन पृष्ठभागावर पांढरट, मेणकट थर येतो. लॅकर आक्रसते, तडकते आणि पत्र्यापासून सुटते. एकदा पापुद्रे सुटले की सुईने वाचणे संपले. अमेरिकेत कार्ल हेबर व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'आयरीन' प्रणालीत खाचेची छायाचित्रे घेऊन स्पर्शाविना आवाज मिळवता येतो. पण असे उपाय थोड्याच संग्रहांच्या आवाक्यात आहेत.

२४/ दुसरा आधार म्हणजे चोरट्या रेडिओ केंद्रांच्या कॅसेट. रिन्स एफएम हे लंडनचे केंद्र १९९४ पासून परवान्याविना चाले. त्याला परवाना २०१० मध्ये मिळाला. अशा केंद्रांवर वाजलेल्या डबप्लेट श्रोत्यांनी घरी मुद्रित करून ठेवल्या. अनेक रचनांचा आज उपलब्ध असलेला एकमेव पुरावा त्या कॅसेटवर आहे, तोही निवेदकाच्या बोलण्यासह. कायद्याच्या दृष्टीने अवैध असलेले प्रसारण अभ्यासकासाठी मोलाचे साधन झाले.

२५/ २००१ च्या सुमारास डीजेंसाठी सक्षम सीडी यंत्रे आली आणि २००४ मध्ये सेराटोची प्रणाली. नवी रचना फुकट, क्षणात आणि न झिजता वाजवता येऊ लागली. कोरणाऱ्यांच्या दारातील रांग ओसरली. लॅकर तबकड्या बनवणारे कारखानेही घटत जाऊन जगात दोनच उरले. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स ६ फेब्रुवारी २०२० रोजी आगीत भस्मसात झाला. जपानमधील एमडीसी तेवढा उरला.

२६/ व्यवसाय मात्र संपला नाही. जर्मनीत बनणाऱ्या 'व्हिनाइलरेकॉर्डर टी-५६०' सारख्या लहान यंत्रांनी हिऱ्याच्या सुईने थेट प्लॅस्टिकच्या तबकडीवर कोरता येते. त्यामुळे आजही एका डीजेसाठी एकच प्रत बनते आणि ती नेहमीच्या तबकडीइतकी टिकते. नव्या कोरणाऱ्यांकडे ग्राहक येतात ते प्रामुख्याने वस्तू जपण्यासाठी. जुने येत ते त्या शनिवारची रात्र जिंकण्यासाठी.

२७/ जुन्या तबकड्यांच्या बाबतीत एक काम तातडीचे आहे. त्यांच्या लेबलांवर छापील मजकूर नसतो. मार्करने लिहिलेले एखादे अर्धवट नाव, कधी तेही नाही. गुप्ततेसाठी लेबल खरवडण्याची किंग्स्टनची सवय इथपर्यंत चालत आली. ती रचना कोणाची, कोठे वाजली, गर्दीने काय केले, हे सांगू शकणारी माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. म्हणून प्रयोगशाळेत खाच वाचली जात असतानाच त्यांच्या मुलाखती नोंदवल्या जायला हव्यात. नाहीतर आवाज मिळेल, पण तो कोणाचा हे सांगणारे कोणी नसेल.