उत्तरपत्रिका मध्ये ठेवून

पहिलीच्या मुलांना शिकवायचं तर डी.एड. व्हावं लागतं. हायस्कूलच्या शिक्षकाला बी.एड. लागतं. तिथे पाठाचं टाचण काढायचं, सराव पाठ घ्यायचा, मागच्या बाकांवर बसून सहाध्यायी तो पाहणार आणि नंतर त्यावर सगळ्यांसमोर बोलणार. महाविद्यालयात शिकवायला मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. पुरते. विषय किती येतो हे कसून तपासलं जातं; तो समोरच्याला उमगेल असा कसा मांडायचा, हे शिकण्याची संधी मात्र बहुतेकांना मिळतच नाही. नेमणुकीचं पत्र येतं, वेळापत्रक हातात पडतं आणि दुसऱ्या दिवशी आपण भरलेल्या वर्गासमोर उभे असतो. मग आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यांची आठवण काढत, त्यांच्यासारखं शिकवू लागतो.

याचा परिणाम पुढे नोकरीभर टिकतो. मी भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये गप्पांना तोटा नाही. महागाई भत्त्याचा फरक, नॅकच्या फायली, परीक्षेच्या ड्यूट्या, यंदा विज्ञान शाखेला किती प्रवेश झाले, सगळं निघतं. पण ‘काल एन्ट्रॉपी शिकवली आणि वर्ग नुसता बघत राहिला, तुम्ही ती कशी शिकवता?’ हा प्रश्न त्या गप्पांत क्वचितच येतो. वर्गाचं दार लागलं की आतलं यशही आपलं एकट्याचं आणि अपयशही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1993 साली एका लेखात प्राध्यापकाच्या या एकटेपणावर बोट ठेवलं होतं. संशोधन करताना आपण सहकाऱ्यांच्या समाजात वावरतो. निबंध वाचतो, शंका घेतो, दुरुस्त्या सुचवतो. शिकवताना मात्र प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा असतो. शिकवणं हेही सगळ्यांच्या मालकीचं, सगळ्यांनी तपासावं असं काम व्हायला हवं, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडच्या कुठल्याही महाविद्यालयात तो आजही तितकाच लागू पडतो.

सरकारी पातळीवर काहीच झालं नाही असं नाही. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं अकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली आणि आता तेच काम मालवीय मिशनच्या नावानं चालतं. या ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्सेसबद्दल मला आदर आहे. गडचिरोलीचा प्राध्यापक आणि सिंधुदुर्गाची प्राध्यापिका एका मेसमध्ये जेवतात, आपल्या विषयात नवं काय चाललंय ते ऐकतात, ही लहान गोष्ट नव्हे. पण कोर्स संपतो, पदोन्नतीच्या फाईलला प्रमाणपत्र जोडलं जातं आणि माणूस पुन्हा आपल्या गावी, आपल्या एकट्या वर्गात परततो. त्या दोन-तीन आठवड्यांत ऐकलेलं करून बघताना अडलं, तर विचारायला शेजारी कुणी नसतं. शिकवण्याच्या अडचणी तर वर्षभर, दर आठवड्याला येतात.

म्हणून आमच्या भागातल्या चार-पाच महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी महिन्यातून एका शनिवारी, प्रॅक्टिकल आटोपल्यावर एकत्र बसायला सुरुवात केली, तेव्हा व्याख्यान कुणाचं ठेवायचं हा प्रश्नच आम्ही बाजूला सारला. प्रत्येकानं अंतर्गत परीक्षेच्या काही उत्तरपत्रिका आणायच्या, नावं झाकायची आणि टेबलावर मध्ये ठेवायच्या, एवढंच ठरलं.

त्यातली एक बैठक मला पक्की आठवते. प्रश्न साधा होता: टेबलावर पुस्तक ठेवलं आहे, त्यावरची बलं दाखवा आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे क्रिया-प्रतिक्रियेची जोडी ओळखा. एकामागून एक उत्तरपत्रिकांत मुलांनी एकच लिहिलं होतं: पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलानं वर दिलेलं बल ही प्रतिक्रिया. कॉलेजं वेगळी, शिकवणारे वेगळे आणि चूक मात्र अगदी तीच. तिसऱ्या नियमातली दोन बलं कधीच एका वस्तूवर नसतात. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. टेबल पुस्तकाला वर रेटतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली रेटतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते शिकवलंही होतं.

‘मुलं अभ्यास करत नाहीत’ असं म्हणून तो गठ्ठा बाजूला ठेवता आला असता. त्या दिवशी तसं झालं नाही. आमच्यात एक तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण होता, वयानं सगळ्यांत लहान. तो म्हणाला, “मॅडम, आपण फळ्यावर पृथ्वी काढतच नाही. पुस्तक काढतो, दोन बाण काढतो, ते सारखे आणि उलट दिसतात. मुलं दिसतं तेच लिहितात.” सगळे गप्प झाले. मग एकेकानं आपलं टाचण काढून पाहिलं, आणि खरंच, कुणाच्याच आकृतीत पृथ्वी नव्हती. त्यातून दोन गोष्टी ठरल्या. एक, पुस्तकाची, टेबलाची आणि पृथ्वीची आकृती वेगवेगळी काढायची. दुसरी, मुलांना विचारायचं की हेच टेबल वेग वाढवत वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये असेल तर काय होईल? तिथे टेबलाचं बल पुस्तकाच्या वजनापेक्षा जास्त होतं, म्हणजे ही दोन बलं सारखीच असली पाहिजेत असं नाही. पण पुस्तक टेबलाला जेवढं रेटतं तेवढंच टेबल पुस्तकाला रेटतं, हे लिफ्टमध्येही ढळत नाही. खरी जोडी कोणती, हे मुलाला स्वतःच कळून येतं.

पुढच्या बैठकीला आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ सर आले आणि आपण होऊन म्हणाले, “लिफ्टचा प्रश्न वर्गात घेतला. अर्धा तास मुलं आपसांत भांडली. माझ्या वर्गात एवढी चर्चा फार दिवसांनी झाली.” निवृत्तीला आलेल्या माणसानं एका तरुण सहकाऱ्याच्या बोलण्यातून निघालेली सूचना वापरून बघितली आणि सगळ्यांसमोर त्याला तसं सांगितलं. त्या तरुणाचा चेहरा उजळला. नंतरच्या बैठकांना सगळ्यांत आधी तोच हजर असायचा.

अशा बैठकीचा पाया म्हणजे विश्वास, आणि तो आपोआप येत नाही. आपल्याकडे स्टाफरूममध्येही उतरंड असते. पूर्णवेळ आणि तासिका तत्त्वावरचे, अनुदानित आणि विनाअनुदानित, जुने आणि नवे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची नेमणूक दरवर्षी नव्यानं होते. ‘हा भाग मला नीट शिकवता येत नाही’ असं तो विभागप्रमुखासमोर कोणत्या धीरानं म्हणेल? म्हणून बैठकीतलं बोलणं बाहेर जाणार नाही, कुणाच्या गोपनीय अहवालात, मुलाखतीत किंवा नेमणुकीच्या चर्चेत ते येणार नाही, हा पहिला नियम हवा. आणि वेळेचा प्रश्न आहेच. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला मानधन मिळतं ते घेतलेल्या तासाचं. तो दुसऱ्या महाविद्यालयाची एस.टी. पकडायला धावत असतो. त्याच्याकडून फुकटच्या शनिवारची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. बैठकीचा वेळ हा कामाचाच वेळ आहे, म्हणून त्याचे पैसे त्याला मिळायला हवेत.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठात 1979पासून प्राध्यापकांचे असे गट चालत आले आहेत. मिल्टन कॉक्स यांनी ही पद्धत घडवली आणि पुढे इतर विद्यापीठांनी उचलली. 8 ते 12 जणांचा छोटा गट, वेगवेगळ्या विषयांचे लोक, वर्षभर ठरावीक अंतरानं भेटी आणि प्रत्येकानं आपल्या वर्गात काहीतरी करून पाहायचं, अशी त्याची रचना. आपल्याकडे इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही संघटना 1984 साली डॉ. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकारानं उभी राहिली, ती शिक्षकांनी शिक्षकांसाठी. राष्ट्रीय पातळीच्या परीक्षा, प्रयोगांच्या स्पर्धा, नियतकालिक हे सगळं शिक्षकांनी पदरचा वेळ घालून चालवलं. प्रा. एच. सी. वर्मा यांच्या प्रेरणेनं याच वर्तुळातून ‘अन्वेषिका’ ही प्रयोगकेंद्रं निघाली, जिथे साध्या साहित्यातून भौतिकशास्त्र हाताळायला मिळतं. आपल्या माणसांना एकत्र येऊन शिकायची हौस नाही, असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही.

आत्ता तर याची निकड फार आहे. नवं शैक्षणिक धोरण वर्गात उतरलं आहे. ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याधारित पेपर यांतलं बरंच काही आमच्यापैकी अनेकांनी स्वतः विद्यार्थी म्हणून कधी शिकलेलं नाही. सत्र छोटं, अभ्यासक्रम नवा, पुस्तकं अजून येताहेत. हे ओझं एकेकट्यानं पेलायचं म्हटलं तर रात्री नोट्स काढायच्या आणि सकाळी त्या वाचून दाखवायच्या, एवढंच उरतं. आठ जणांनी वाटून घेतलं तर तेच काम आनंदाचं होऊ शकतं.

संस्थांकडे आणि विद्यापीठांकडे माझं मागणं मोठं नाही. आयोगाच्या 2018च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन धरलं आहे. त्या वेळापत्रकात महिन्याला दोन तास सहकाऱ्यांबरोबर शिकवण्याचा विचार करायला द्यावेत. त्याला पदोन्नतीचे गुण लावू नयेत. गुण लावले की अहवाल येतो, अहवालाबरोबर फोटो आणि जिओटॅग येतात, आणि मग माणसं मोकळेपणानं बोलायची थांबतात. वेळ द्यावा, खोली द्यावी, प्रवासखर्च द्यावा आणि प्राचार्यांनी त्या खोलीत तपासनीस म्हणून बसू नये.

आणि ज्येष्ठांना माझी एक विनंती आहे. या खोलीत पहिलं वाक्य तुमचं असू द्या. नवा शिक्षक सुरुवात करणार नाही, त्याला करता यायची नाही. त्याची नोकरी पणाला लागलेली असते. तुमची नाही. तुम्ही आधी तुमच्या वर्गातली उत्तरपत्रिका टेबलावर ठेवा आणि म्हणा, “हे मी वर्षानुवर्षं शिकवतोय, तरी मुलांपर्यंत पोहोचत नाही. तुम्ही काय करता?” एवढं एकानं केलं की बाकीचे बोलायला लागतात, आणि त्याचा लाभ शेवटी बाकावरच्या मुलाला होतो.