सातबाऱ्यावरचा शेतकरी

परवा कपाट आवरताना एक जुनी नोटीस सापडली. २०२०ची. आयकर भरता, म्हणून पीएम किसान योजनेला अपात्र आहात, मिळालेले पाच हप्ते, म्हणजे १०,००० रुपये परत करा. अपात्र शेतकरी कोण? तर अस्मादिक!

झालं असं. भोरजवळ आमची थोडी भातखाचरं आहेत. वडिलांमागे सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. मी पुण्यात नोकरी करणारा, आवणीच्या वेळी बांधावर उभा राहून फोटो काढणारा. २०१९ मध्ये योजना आली: वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. गावाकडच्या चुलतभावाने सगळ्यांचे अर्ज भरले. मला म्हणाला, आधार आणि खाते नंबर पाठव. पाठवले. अटी काही वाचल्या नाहीत.

मग लॉकडाऊन लागलं. २६ मार्च २०२० ला निर्मला सीतारामन यांनी पॅकेज जाहीर केलं, त्यात शेतकऱ्यांना एप्रिलमध्येच २,००० रुपये. तसे ते नवे पैसे नव्हतेच, त्या वर्षीचा पहिला हप्ता लवकर सोडला इतकंच. पण हाताला काम नसताना लवकर मिळणंही मोलाचं असतं. मला मात्र घरबसल्या पगार चालू होता, आणि मेसेज माझ्या मोबाईलवर आला.

आमची शेती खरी करते ती काकी. काका २०१७ मध्ये गेले. त्यांची वारसनोंद करायचं काम माझ्याकडे होतं आणि मी प्रत्येक वेळी "पुढच्या खेपेला करू" म्हणत होतो. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून काकी सरकारदरबारी शेतकरी नाही. तिला मिळाले ते जनधन खात्यातले महिना ५०० रुपये, एप्रिल ते जून. एसटी बंद, म्हणून ते काढायला ती चालत भोरला गेली.

फोनवर मी हप्त्याचं बोललो तर म्हणाली, "बरं झालं की. तुला तिकडं समदं इकत घ्यावं लागतंय."

मला पुढे बोलवेना.

तिचं माहेर वेल्ह्याकडचं. तिथल्या डोंगरात जनावरांवर जगणारी माणसं आहेत. नावावर शेतजमीन नसेल, तर या योजनेत त्यांना काही नाही. दुसऱ्याचं खाचर वाट्याने करणाऱ्यालाही नाही. नोंदी तयार होत्या म्हणूनच पैसे इतक्या झटपट पोचले, हे मान्य. पण कागद चुकीचा असला की पैसेही चुकीच्या दारात जातात. आणि आमच्या घरातला कागद चुकीचा ठेवला होता तो मी.

१०,००० परत भरले. मग रजा काढून तलाठ्याकडे गेलो. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, नोटिशीची मुदत, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी... अवघड त्यात काहीच नव्हतं. फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना योजना नाही, पण वारसाने आलेली चालते. काकीचे हप्ते सुरू झाले. २०२३ पासून राज्य सरकारचेही तेवढेच त्यात आले.

तिचे आधीचे बुडालेले हप्ते मी द्यायला गेलो, तर घेईना. "पैसं नगं. आवणीला ये."

गेलो. दुपारपर्यंत कंबर मोडली, आणि माझी ओळ बघून सगळ्या बायका हसल्या.

असो. त्या वर्षी फोटो काढायचे राहिले.