ज्यांच्या छातीवर बिल्ला नसतो

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे पत्र आले तेव्हा आम्ही तिघे माजी विद्यार्थी बऱ्याच वर्षांनी एकत्र बसलो. आम्ही एकाच तुकडीचे, वसतिगृहाच्या एकाच खोलीतले आणि पुढे एकाच रुग्णालयात क्ष-किरण तंत्राचे शिक्षण घेतलेले. यशाच्या हकिकती सांगणारे बंधू-भगिनी या अंकात पुष्कळ असतील. आम्ही मात्र आपल्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी लिहिण्याचे ठरवले. कारण ती चूक निस्तरताना जे उपयोगी पडले, ते आम्हांला याच वास्तूत मिळाले होते.

गोष्ट 1990च्या दशकातील. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालो तेव्हा डॉक्टरकीच्या प्रवेशाइतके गुण आमच्याजवळ नव्हते आणि आणखी वर्षभर वाट पाहण्याइतका पैसा घरी नव्हता. रुग्णालयाला जोडलेल्या प्रशिक्षणवर्गात क्ष-किरण तंत्रज्ञ घडवले जातात, ही माहिती वसतिगृहाच्या अधीक्षकांनी दिली आणि समोर बसवून अर्जही त्यांनीच भरून घेतले. आमच्या घरच्या माणसांना या विद्येचे नाव सांगता येत नसे. पोरे 'फोटो काढायला' शिकतात, एवढेच ते गावात सांगत.

सकाळी बाह्यरुग्ण विभागाची रांग, दुपारी शरीररचनाशास्त्र आणि भौतिकशास्त्राची व्याख्याने, आणि पाळी आली की रात्रीची अपघाताची कामे, असा आमचा क्रम होता. छातीचा फोटो घ्यायचा तर नळी सहा फूट दूर ठेवायची, रुग्णाला कॅसेटकडे तोंड करून उभे करायचे, म्हणजे हृदयाची छाया फुगत नाही. खांदे पुढे वळवायचे, म्हणजे खांद्याची हाडे फुप्फुसावरून बाजूला होतात. मग काचेआडून सांगायचे : श्वास घ्या, रोखून धरा. अंतर दुप्पट केले तर किरणांची तीव्रता चौथाईवर येते, हा नियम आम्ही शाळेत प्रकाशाच्या धड्यात शिकलो होतो. तोच नियम इथे आमचे रक्षण करीत होता.

खरी परीक्षा अंधाऱ्या खोलीत होती. मंद तांबड्या दिव्याखाली कॅसेट उघडायची, फिल्म चौकटीत अडकवायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, पाण्यात धुवायची, मग फिक्सरमध्ये आणि पुन्हा पाण्यात. डेव्हलपरचे तापमान 20 अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. वैशाखात ते कुठून मिळणार? टाकीभोवतीच्या पाण्यात बर्फाच्या लाद्या सोडाव्या लागत. नखे तपकिरी होत आणि फिक्सरचा आंबूस वास जेवताना हातांना येई.

पहिल्याच आठवड्यात आम्हांला प्रत्येकी एक लहानसा बिल्ला मिळाला. त्याला टीएलडी म्हणतात. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची जितकी मात्रा त्यांनी साठवली असेल, त्या प्रमाणात तापवल्यावर त्या उजळतात. दर तीन महिन्यांनी ते बिल्ले भाभा अणुसंशोधन केंद्राच्या व्यवस्थेकडे मोजणीसाठी जात. रोंटगेन यांनी 8 नोव्हेंबर 1895 रोजी हे किरण शोधले आणि त्यांचे पेटंट घेतले नाही. पण त्यांचे उपद्रव कळेपर्यंत कित्येक डॉक्टर आणि तंत्रज्ञ बोटे, हात आणि प्राण गमावून बसले. त्यांच्या स्मरणार्थ 1936 मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे स्तंभ उभारला गेला. आमच्या छातीवरचा बिल्ला ही त्या माणसांची पुण्याई आहे, असे आम्हांला शिकवले गेले.

त्याच व्याख्यानात आम्हांला आणखी एक गोष्ट कळली. किरणांसोबत काम करणाऱ्यांसाठी मर्यादा ठरलेली असते. आज आपल्या देशात ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षी 30 च्या वर जाता येत नाही. रुग्णासाठी मात्र अशी कोणतीही संख्या नाही. त्याला गरज असेल तेवढे किरण द्यावेत आणि गरजेपेक्षा तसूभरही अधिक देऊ नयेत, एवढाच नियम. त्याच्या छातीवर बिल्ला नसतो. त्याच्या अंगातून किती किरण गेले आणि त्यांतले किती वाया गेले, हे कळ दाबणाऱ्यालाच ठाऊक असते.

हे लिहून घेतले, परीक्षेत उत्तरही दिले. पण ते उमगले एका सोमवारी. विभागात तुडुंब गर्दी होती. खोकल्याने जर्जर झालेले एक वृद्ध बाबा छातीच्या फोटोसाठी आले. धोतर, फाटकी बंडी, गळ्यात माळ. आम्ही त्यांची हनुवटी उचलून ठेवली, खांदे धरून पुढे वळवले, फोटो घेतला. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीत दोन कप्प्यांची पेटी असे : एकीकडे वापरलेल्या कॅसेट, दुसरीकडे कोऱ्या. घाईत बाबांची कॅसेट कोऱ्या बाजूला गेली आणि पुढच्या रुग्णासाठी तीच पुन्हा वापरली गेली. फिल्म धुऊन उजेडात धरली, तर एकाच छातीत दोन माणसांच्या बरगड्या. दोघांचेही फोटो वाया गेले.

दोघांना पुन्हा बोलावले. 'काय झालं?' असे बाबांनी विचारले तेव्हा आमच्या तोंडून सहज निघून गेले, 'तुम्ही श्वास रोखला नाही, बाबा. हललात.'

त्यांनी हात जोडले. 'माजंच चुकलं, लेकरांनो. दम ऱ्हाईना.'

फोटो पुन्हा घेतला, तो उत्तम आला आणि रांग पुढे सरकली. चूक कोणाच्या हातून झाली आणि ते वाक्य कोण बोलले, हे आम्ही आजवर कोणाला सांगितलेले नाही. एक बोलला तेव्हा दोघे गप्प राहिले. म्हणून ते तिघांचेच आहे.

विद्यालयाची सवय म्हणून आम्ही तिकडेही संध्याकाळी भाड्याच्या खोलीत वंदना घेत असू. त्या दिवशी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी आवाज अडखळला. वंदना संपली तरी कोणी उठले नाही. आठवले ते भंतेजींचे प्रवचन. भगवान बुद्धांनी राहुलाला विचारले होते, आरसा कशासाठी असतो? आणि सांगितले होते की कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तसेच न्याहाळून पाहावे. अपाय करणारे कर्म हातून घडलेच, तर ते गुरूंपाशी किंवा जाणत्या सोबत्यांपाशी उघड करावे आणि पुढे सावध राहावे. शाळेत असताना ही गोष्ट आम्हांला लहान मुलांची वाटली होती.

त्या रात्री आणखी एक विचार मनातून जाईना. आमच्या आज्यांना कोणे एके काळी औषधाची पुडी वरून टाकली जाई, हात लागू नये म्हणून. त्यांच्याच नातवंडांच्या हाती आता कोणीही माणूस आपली मान, आपली पाठ, आपले लेकरू निर्धास्त सोपवत होता. बाबांनी आमचे आडनाव विचारले नव्हते. एवढा विश्वास ज्याने टाकला, त्याच्यावरच आम्ही आपली चूक ढकलली होती.

दुसऱ्या दिवशी विभागातील ज्येष्ठ तंत्रज्ञांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी बिघडलेल्या फिल्मची पेटी पुढे ठेवली आणि कारणानुसार गठ्ठे लावायला सांगितले : फार काळी, फार फिकी, चुकीची ठेवण, दुहेरी, रुग्ण हलला. नोंदवहीत सर्वांत लांब रकाना 'रुग्ण हलला' हाच निघाला. सर म्हणाले, 'आता एकेक फिल्म उजेडाला धरा आणि सांगा, खरोखर किती हलले?' हललेल्या फोटोत हाडाची कड पुसट होते. त्या गठ्ठ्यातील कित्येक फिल्मच्या कडा लख्ख होत्या.

मग आम्ही वॉर्डात बाबांना शोधत गेलो. चूक आमची होती, तुम्ही श्वास नीट धरला होता, असे सांगितले. छातीच्या एका फोटोची मात्रा फार अल्प असते, निसर्गातून काही दिवसांत मिळते तेवढीच, त्याची भीती बाळगू नका, हेही सांगितले. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. 'मंग माजा दम चांगला हाय म्हना की! रातभर त्योच इचार करत व्हतो, आता काय आपलं खरं न्हाई.'

आमच्या खोट्याने त्यांच्या देहाला काही इजा झाली नव्हती. पण त्यांची एक रात्र आम्ही भीतीत काढायला लावली होती. ती कोणत्याही बिल्ल्यावर नोंदली जाणार नव्हती.

आज अंधारी खोली गेली, फिल्म गेली. बिघडलेली प्रतिमा संगणकावर एका कळीने पुसता येते आणि पेटीत काही उरत नाही. म्हणून आमच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलामुलींना आम्ही पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगतो. प्रतिमा पुसली तरी गेलेला किरण परत येत नाही, तेव्हा प्रत्येक पुनरावृत्ती कारणासह लिहा. आणि चूक आपली असेल तर 'तुम्ही हललात' असे रुग्णाला कधीही म्हणू नका.

या विद्यालयातील विद्यार्थ्यांपैकी कोणाला या क्षेत्रात यायचे असेल, तर त्यांनी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र मन लावून करावे. पालकांनी किरणांचे भय बाळगू नये. नियम पाळणाऱ्याला ते काम सुरक्षित आहे. आणि संध्याकाळच्या वंदनेचा कंटाळा करू नये, एवढे आम्ही धाकट्या भावंडांना हक्काने सांगतो. तिचा उपयोग कोठे होईल, हे त्या वयात आम्हांलाही कळले नव्हते.