दीड जीबीचा रविवार

आमचा धाकटा भाऊ १९९३ साली आखातात नोकरीला गेला. त्याच्याशी बोलायचे म्हणजे आम्ही वसई स्टेशनाजवळच्या टेलिफोन बूथवर रांग लावत असू. काचेच्या त्या खोक्यात शिरले की समोर लाल आकडे पळू लागत. आईची सारी माया त्या आकड्यांच्या धाकाने तीन वाक्यांत मावे : बरा आहेस ना, जेवतोस ना, कधी येशील. पावती घेऊन बाहेर पडलो की तिला उरलेले सगळे आठवे.

भाऊ पुढे कॅनडात टोरांटोला स्थायिक झाला आणि आमच्या हातात मोबाइल आला. भारतात २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला, की मीटर नावाची वस्तू आपण विसरूनच गेलो. मीटर गेला नव्हता. तो नजरेआड झाला होता. हे आम्हांला कळले २०२० सालच्या मे महिन्यातल्या एका रविवारी.

टाळेबंदीचे दिवस होते. चर्चची दारे बंद, म्हणून सकाळची मिस्सा आम्ही मोबाइलवर पाहिली. ती संपल्यावर वाडीतल्या ग्रुपवर आलेली फुलांची, सूर्योदयाची आणि काढ्याच्या कृतींची चलच्चित्रे आमचा फोन आपल्या मनाने उतरवून घेत राहिला. आमच्या पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी मिळे. तो संपला की वेग चौसष्ट किलोबिटांवर येई. रात्री आठ वाजता, म्हणजे टोरांटोच्या सकाळी साडेदहाला, भावाचा व्हिडिओ कॉल आला.

येथे आईविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिचे वय तेव्हा त्र्याऐंशी होते आणि कान जवळजवळ गेलेले होते. यंत्र लावायला ती तयार नव्हती. ती ओठांवरून बोलणे ओळखी. भावाचे तर तिला हमखास कळे. अखेर त्याचे पहिले शब्द तिनेच त्याच्या ओठांवर आणले होते.

भाऊ म्हणाला, "आई, घाबरू नकोस, मला दोन दिवस ताप..." आणि चित्र थिजले. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडे, मान एका बाजूला कललेली. आवाजही तुटला. आईने एवढेच वाचले होते : ताप. त्या दिवसांत त्या शब्दाचा अर्थ काय होता, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

भावाने लगेच साधा फोन केला. ताप उतरला आहे, तपासणीत काही निघाले नाही, असे त्याने आम्हांला स्वच्छ सांगितले. आम्ही ते आईच्या कानाशी ओरडून सांगितले, कागदावर लिहून दाखवले. तिने कागद बाजूला सारला. "तुम्ही माझ्यापासून लपवता आहात. मला त्याला बोलताना दाखवा." दाखवायचे कसे? घरातला दुसरा फोन बटणांचा. रिचार्जचे दुकान बंद आणि घरबसल्या रिचार्ज करण्याची विद्या आम्हांला अवगत नव्हती. दिवसाचा नवा डेटा मिळणार मध्यरात्री. आई ओटीवर जपमाळ घेऊन बसली. चार तास ती आमच्याशी बोलली नाही. बाराला पाच मिनिटे कमी असताना तीच म्हणाली, "लाव आता." भाऊ समोर आला, हसला, सगळी हकीकत पुन्हा सांगू लागला. आईने त्याच्या ओठांवरची नजर शेवटपर्यंत हलवली नाही. मग ती उठून झोपायला गेली. आम्हांला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या वसतिगृहात अडकलेल्या पुतणीला आम्ही फोन केला. ती संगणकाचे शिकते. "काका, तुम्ही आवाजावरच बोला ना, चित्र बंद करा. किती वाचेल!" सल्ला बिनतोड होता. झूम कंपनीने स्वतः दिलेले आकडे तिने सांगितले : आवाजाला सेकंदाला साठ ते ऐंशी किलोबिट, तर दोघांच्या साध्या व्हिडिओ कॉलला जाताना सहाशे आणि येताना सहाशे. आम्ही वही काढून हिशेब मांडला. आठ बिटांचा एक बाइट होतो, एवढे लक्षात ठेवले की पुढचे त्रैराशिक प्राथमिक शाळेचे आहे. दोन्ही बाजूंचा मिळून तासभर आवाज म्हणजे फार तर बहात्तर एमबी. तासभर साधे चित्र म्हणजे पाचशे चाळीस एमबी. चित्र ७२० रेषांचे केले तर एक जीबीच्या वर, आणि १०८० रेषांचे केले तर तीन जीबीच्या वर. म्हणजे आमच्या पॅकचे दोन दिवस एका तासात. आपण बोलत नसलो तरी आपला चेहरा जात असतोच, आणि जाणे व येणे दोन्ही आपल्याच खात्यावर पडते, हेही आम्हांला नवे होते.

"पण आजीला आवाज चालणार नाही," आम्ही म्हणालो. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग ती म्हणाली, "तर मग ओठ ठेवायचे आणि बाकीचे सगळे कमी करायचे."

त्यासाठी चित्र कसे जाते हे तिने जे समजावले, ते आम्हांला एखाद्या गोष्टीसारखे वाटले. ७२० रेषांचे चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सहासष्ट कोटी बिट लागतील. एवढे पाठवणे अशक्य, म्हणून यंत्र एकदा पूर्ण चित्र पाठवते आणि पुढे केवळ बदल कळवत राहते. भिंत तिथेच आहे, तिच्याविषयी कळवण्यासारखे काही नाही. डोळे मिटले, ओठ हलले, तेवढेच कळवायचे. बदलाची वार्ताच वाटेत हरवली, तर आधीचे चित्र पडद्यावर थिजून राहते. त्या रात्रीचे उघडे तोंड ते हेच.

आणि आम्ही आईला कुठे बसवत होतो? ओटीवर, केळीच्या बागेकडे पाठ करून! वाऱ्याची झुळूक आली की शंभर पाने हलत, आणि आमचा गरीब फोन प्रत्येक पानाची बातमी टोरांटोला कळवायला धावे. डोक्यावर पंखा, पायांत मांजर, मागे नातवंडांची ये-जा. मुलाला आई दिसावी म्हणून आम्ही अख्खी वाडी पाठवत होतो.

खुर्ची माजघरात, पांढऱ्या भिंतीला टेकवून ठेवली. समोर ट्यूबलाइट. अंधारात कॅमेऱ्याच्या चित्रावर जी दाणेदार थरथर येते, तिलाही यंत्र हालचालच समजते, हे आधी ठाऊक नव्हते. फोन हातात धरण्याऐवजी डब्याला टेकवून ठेवला, कारण हात हलला की भिंतही हलते. व्हॉट्सअॅपमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची एक कळ आहे, ती दाबली. ग्रुपवरची फुले आपोआप उतरणे बंद केले. मिस्सेचे चित्र लहान ठेवले, शब्द मात्र पूर्ण ऐकू येत. भावालाही हे सर्व करावे लागले, कारण तो जेवढे पाठवी तेवढेच आम्हांला उतरवावे लागे. त्याच्या घरी डेटाला तोटा नव्हता, त्यामुळे त्याचा फोन सढळ हाताने पाठवत होता. नेटवर्क चांगले असेल तेव्हा ही यंत्रे आपोआप अधिक स्पष्ट चित्र पाठवतात. ज्या दिवशी रेंज उत्तम, त्याच दिवशी आमचा डेटा लवकर का संपे, हे कोडे असे सुटले. झूमवर सगळे नातलग जमले की मात्र आम्ही पंचवीस चेहऱ्यांची जाळी बंद करून बोलणाऱ्या एकट्याचा चेहरा ठेवू लागलो. त्या जाळीला येतानाच सेकंदाला दोन मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला नऊशे एमबी. आणि एवढे खर्चून आईला एकाचेही ओठ दिसत नसत. आपला स्वतःचा चेहरा पडद्यावरून लपवल्याने काही वाचत नाही, हेही सांगून ठेवतो. तो आपल्याच कॅमेऱ्यातून आपल्याच पडद्यावर येतो. आम्ही दोन आठवडे तो लपवून बचतीचे समाधान मानत होतो.

आईला ही नवी शिस्त मानवली. रविवारी सायंकाळची प्रार्थना झाली की ती खुर्चीत ताठ बसे आणि मागून कोणी गेले तर हात उगारी. "हलू नका रे, पैसे पडतात!" भावाचे चित्र पूर्वीपेक्षा धूसर होते, पण ओठ कळत, आणि ते पुन्हा कधी मधेच थिजले नाहीत. फोनच्या सेटिंगमधला डेटा-वापराचा आकडा आम्ही कॉलच्या आधी व नंतर वहीत टिपत असू. बूथवरच्या लाल आकड्यांची जागा त्या वहीने घेतली, एवढाच फरक.

२०२२ साली वाडीत फायबरची तार आली. आता दिवसाचे माप उरले नाही. त्या वर्षीच्या नाताळात भावाने नवा फोन घेतला आणि पुतण्याने आमच्या घरी चित्र टी. व्ही.च्या मोठ्या पडद्यावर लावून दिले. भाऊ समोर आला, इतका स्वच्छ, की त्याच्या सदऱ्याची वीण दिसावी. आई पुढे वाकली. बराच वेळ ती ओठांकडे पाहतच नव्हती.

"अरे, तुझे केस कधी पांढरे झाले? आणि डोळ्यांखाली हे काय?"

भाऊ हसला, "आई, आता पंचावन्न झालो की गं."

ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी चित्र पुन्हा थोडे धूसर येऊ लागले. भावाने तिकडून काही कमी केले की काय, हे आम्ही त्याला विचारले नाही.