बारा ठसे

बुक्का गेला त्या दिवशी मी पतसंस्थेत रजेचा अर्ज दिला आणि कारणापुढे ‘घरगुती’ असं लिहिलं. खोटं नव्हतं. पण ‘कुत्रा वारला’ असं लिहायचा धीर झाला नाही, हेही खरं. कुत्रा वारतो की मरतो, इथपासूनच माझी अडचण होती.

2011 च्या जुलैत मुलीनं त्याला शाळेच्या दप्तरात घालून आणलं. ती तेव्हा नववीत. पिल्लू भिजून गोळा झालेलं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत काळं. आई म्हणाली, “कुणी बुक्का सांडलाय जणू.” झालं, नाव पडलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी, त्यामुळे घरात बुक्क्याचा मान मोठा. कुत्र्याला ते नाव देऊ नये, असं मला वाटलं होतं. आईला वाटलं नाही. ती त्याच्या भाकरीला तूप लावायची आणि कुणी टोकलं की नामदेवांची गोष्ट सुनवायची. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन नामदेव धावले, मग मी बसल्या जागी तूप लावते तर तुमच्या पोटात का दुखतं?

शेवटच्या वर्षी तो पाणी फार प्यायला लागला. रक्त तपासलं तेव्हा मूत्रपिंडं बरीच गेलेली होती. शेवटचे पाच आठवडे एक दिवसाआड त्याच्या मानेमागच्या कातडीखाली सलाईन द्यायचं काम माझ्याकडे होतं. बाटली छत्र्या अडकवायच्या खुंटीला टांगायची, त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि वीसेक मिनिटं बसायचं. नोव्हेंबरच्या अखेरीस एका पहाटे तो गेला. मागच्या अंगणात सीताफळाखाली खड्डा घेतला, दोन किलो खडेमीठ टाकलं, माती लोटली. अकरा वाजेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आणि मग करायला काहीच नव्हतं.

वडील गेले तेव्हा दहा दिवस मला उसंत नव्हती. दर्भ आणा, तीळ आणा, गुरुजींची यादी, वाण्याची यादी, नातेवाइकांचे फोन. तेव्हा त्या सगळ्याचा राग यायचा. आता कळलं की त्या याद्यांनी माझे हात धरून ठेवले होते. इथं हात मोकळे. जेवताना भाकरीचा तुकडा मोडून तो हात आपोआप टेबलाखाली जायचा आणि तसाच परत यायचा. आईला विचारलं तर ती म्हणाली, “कुत्र्याचं सुतक नसतं रे.” दहाव्या दिवशी सकाळी मात्र मागच्या कट्ट्यावर तूप लावलेली चतकोर भाकरी ठेवलेली दिसली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

लोक वाईट नव्हते. “दुसरा आणा,” असं तिघांनी सांगितलं. एकानं तर कुठल्या जातीचा आणावा तेही सांगितलं.

फोनमध्ये त्याचे चारशेच्या वर फोटो निघाले. काळं कुत्रं ज्यांनी पाळलंय त्यांना माहीत असेल, त्याचा फोटो येत नाही. उजेडात बसला तर आजूबाजूचं सगळं छान येतं आणि मधोमध कुत्र्याच्या आकाराचं भोक दिसतं. फोननं उजळवायचा प्रयत्न केला की तो धुरकट, राखाडी होतो. रात्री काढलेल्या फोटोत फक्त दोन हिरवे दिवे. चारशे फोटोंत बुक्का एकातही धड नव्हता.

डिसेंबरात बायको म्हणाली, “अहो, माळ्यावरचं पोरीचं खोकं एकदा बघा, वाळवी लागली असेल.” मला उठवायचं एवढाच तिचा हेतू असणार. मुलगी पुण्यात चित्रकलेच्या कॉलेजात होती, आता बंगळुरूला नोकरी करते. खोक्यात चार लिनोचे तुकडे, पाच कोरण्या, एक रबरी रूळ आणि काळ्या तेली शाईचा अर्धा डबा निघाला. माझं चित्रकलेचं शिक्षण म्हणजे शाळेत दिलेली इंटरमिजिएट परीक्षा, ‘बी’ ग्रेड. त्यानंतर चाळीस वर्षं हिशेबाच्या चौकटी आखल्या तेवढ्याच.

फोनवर मुलीनं शिकवलं. “बाबा, आधी लिनो उन्हात ठेव.” लिनो म्हणजे आटवलेलं जवसाचं तेल, त्यात कॉर्कचा नि लाकडाचा भुसा, आणि ते सगळं तागाच्या कापडावर थापलेलं. साताऱ्याच्या थंडीत ते चामड्यासारखं ताठ होतं, कोरणी सटकते. ती माझ्या डाव्या अंगठ्यावर पहिल्याच दिवशी सटकली. उन्हात तासभर ठेवलं की लिनो खोबऱ्याच्या वडीसारखं कापलं जातं आणि जवसाचा वास सुटतो. जवसाची चटणी खाताना मला अजून तो वास येतो.

मी पेन्सिलीनं कुत्रा काढला आणि काळे केस एकेक रेघ करून कोरायला लागलो. मुलगी वैतागली. “काळं काढायचं नसतं रे! काळं आहेच. तू उजेड कोर.” मग तिनं नंदलाल बोस यांचं 1930 चं लिनोचित्र पाठवलं, काठी घेऊन चालणारे गांधीजी. पार्श्वभूमी सगळी काळी आणि तीत मोजक्या पांढऱ्या रेघा. ते चित्र मी आधीही पाहिलं होतं, पण काळ्या भागात चित्रकारानं काहीच केलेलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. जिथं हात लावायचा नाही तिथं बुक्का. फोनला जे बारा वर्षं जमलं नाही ते या जुनाट तुकड्यात आपसूक होत होतं.

पहिला ठसा मी स्वयंपाकघरातल्या लाकडी चमच्याच्या पाठीनं घासून काढला. कागद कोपऱ्यातून उचलला आणि बायको लगेच म्हणाली, “हा नाही आपला.” फाटका कान चुकीच्या बाजूला आला होता. ठसा उलटा उमटतो हे माहीत असूनही विसरलो. लहानपणी बुक्का कपाटाच्या आरशात स्वतःला बघून भुंकायचा. तो ज्याच्यावर भुंकायचा तो हा. तो ठसा मी टाकला नाही.

खोक्यात केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीचं एक पुस्तकही होतं. तिचा अठरा वर्षांचा मुलगा 1914 च्या ऑक्टोबरात युद्धात गेला. त्याच्यासाठी केलेल्या आईबापांच्या दगडी मूर्ती बेल्जियमच्या दफनभूमीत उभ्या राहायला 1932 साल उजाडलं. अठरा वर्षं! मला स्वतःची लाज वाटली. तिचा मुलगा आणि माझा कुत्रा. पुस्तक मिटून खोक्यात परत ठेवलं. कोरणी मात्र खाली ठेवली नाही.

दुसऱ्या तुकड्यावर चित्र नीट उलटं उतरवलं आणि तेव्हा एक गोष्ट सुचली. कोरलेलं परत भरता येत नाही. मग एकाच तुकड्यावर त्याचं वय वाढवत नेलं तर? एक ठसा काढायचा, थोडं आणखी कोरायचं, पुढचा काढायचा. दर वर्षाचा एक. पिल्लाचं तोंड निराळं असतं, म्हणून 2011 सोडून दिलं. 2012 ते 2023, बारा ठसे. मुलगी म्हणाली, असं काम करणारे लोक आहेत, पण तू प्रत्येकी निदान तीन प्रती काढ. मी एकेकच काढली. का, ते तिला नीट सांगता आलं नाही.

पहिले दोन सोपे गेले. डोळ्यातला ठिपका, नाकाची ओल, बाकी काळं. 2014 ला कान आला. त्या वर्षी गल्लीतल्या तांबड्या कुत्र्यानं त्याचा कान फाडला होता. कोरणी कानावर टेकवून मी बराच वेळ बसलो. शाबूत कानाचा बुक्का यापुढे कधीच उमटणार नव्हता. शेवटी एका झटक्यात तुकडा उडवला आणि हात धुऊन चहा घेतला.

पुढच्या वर्षांसाठी माहिती लागायला लागली. हनुवटीखाली पांढरं कधी आलं? बायको म्हणाली, पोरगी पुण्याला गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी. आई म्हणाली, छे, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनाच्या आधी. मोतीबिंदूची फाईल काढली. मुलीला फोन लावला. तो गेल्यापासून घरात कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. आता रोज रात्री जेवणानंतर त्याच्या मिशांवरून भांडण. आईनं एकदा मला ओरडून सांगितलं की डाव्या भुवईवर पांढरा केस उजवीच्या आधी आला, आणि तू घरात असूनही तुला ठाऊक नाही. खरंच नव्हतं. 2020 ची टाळेबंदी मात्र माझी. दिवसभर तो समोर होता. त्या ठशात सर्वांत जास्त रेघा आहेत.

शेवटचा अडला. 2023 मध्ये त्याचे डोळे निळसर, ढगाळ झाले होते. ते दाखवायचं तर बुबुळाच्या काळ्यावर बारीक रेघा मारायच्या, म्हणजे नजर पुसायची. आठ दिवस तुकडा कपाटावर पडून राहिला. नवव्या दिवशी चार रेघा मारल्या, पाचवी मारली नाही.

रविवारी सकाळी मागच्या पडवीत कपड्यांच्या दोरीवर बाराही ठसे चिमट्यांनी ओळीत लावले. शेवटचा अजून ओला होता. दूधवाला आला. बुक्का रोज सकाळी ज्याच्यावर भुंकायचा तोच हा. किटली खाली ठेवून त्यानं ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

“लई कुत्री होती की सायेब तुमच्याकडं. आम्हाला एकच दिसायचं.”

मग पुढे होऊन त्यानं आठव्या ठशावर बोट ठेवलं. “ह्येनंच माझी प्यांट फाडली बघा.”

मी मनात हिशेब केला. 2019. पँटचे पैसे मीच दिले होते. वर्ष बरोबर होतं.

तो ओळीनं पुढे सरकत टोकाशी पोचला.

“त्याला हात लावू नका,” मी म्हणालो, “शाई ओली आहे.”