न बोलणारे रोगी

डॉक्टरांचे निम्मे काम रोगीच करून देतो, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. "छातीत जड जड वाटतंय" इथपासून सुरुवात होते. मग त्याची पत्नी त्यात भर घालते, आई दोन पिढ्यांची दुखणी सांगते आणि शेजारी निदानही करून मोकळे होतात. डॉक्टरांनी फक्त त्यातले वजा करीत जायचे.

गाईच्या वासराचे मात्र तसे नाही. हजारो वर्षे त्याचे पूर्वज लांडग्याच्या आणि वाघाच्या नजरेखाली चरत आले. कळपात जो लंगडला, मागे राहिला, तो गेला. त्यामुळे दुखणे दाखवायचे नाही, हा त्या जातीचा कुळधर्मच होऊन बसला आहे. न्युमोनियाने अर्धे फुप्फुस घट्ट होईपर्यंत वासरू उभे राहते, दूध पिते, शेपटीने माशा वारते. आपण म्हणतो, "कालपर्यंत चांगलं होतं हो!" कालपर्यंत ते चांगले नव्हते, चांगले दिसत होते, इतकेच.

माझी हयात पुण्यातल्या एका रुग्णालयात माणसांचे रक्त तपासण्यात गेली. शरीरात कुठे दाह पेटला की यकृताला वर्दी जाते आणि ते काही ठरावीक प्रथिने भराभर रक्तात सोडू लागते. त्यांतलेच एक सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. हे नाव पूर्वी आम्हा प्रयोगशाळावाल्यांपुरतेच होते. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या वर्षांत मात्र ते घरोघर पोचले, जिन्यात भेटलेला माणूस नमस्काराआधी "तुमचं सीआरपी किती?" असे विचारू लागला. हे प्रथिन सापडले १९३० साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या दोघांना ते आढळले, आणि तेही न्युमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात.

गेल्या पौषात मी गावी, कऱ्हाडकडे गेलो होतो. पुतण्या जनावरांचा डॉक्टर. थंडी कडाक्याची होती आणि शेजारच्या एका गोठ्यात खोकला शिरला होता. सात संकरित कालवडी, वय दोन-दोन महिने. मालकाचे म्हणणे एकच : "सगळ्यांना इंजेक्शन टोचा आणि मोकळं करा." पुतण्या म्हणाला, "आधी रक्त बघू." माझे कान टवकारले. निवृत्त माणसाला जुन्या धंद्याचा वास आला की तो घरी थांबत नाही.

मानेतल्या शिरेतून रक्त काढले. मी एक नळी उभी करून ठेवली. माणसाच्या अंगात दाह असला, की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळती होतात आणि झपाट्याने तळाशी बसतात. तोच आपला ईएसआर. तास झाला, तरी नळीत जेमतेम फरक.

"काका, गाईचं रक्त असं बसत नाही," पुतण्या हसला. "तिच्या पेशींच्या चळतीच होत नाहीत. घोड्याचं मात्र बघता बघता बसतं. आणि तुमच्या त्या सीआरपीचाही गाईत फारसा उपयोग नाही."

गाईची निशाणी निराळी. तिचे नाव हॅप्टोग्लोबिन. फुटलेल्या पेशींतून सांडलेले हिमोग्लोबिन हे प्रथिन घट्ट धरून ठेवते, म्हणजे त्यातले लोह जंतूंच्या हाती लागत नाही. निरोगी गाईच्या रक्तात ते जवळजवळ नसतेच. दाह पेटला की शंभर पटींनीही वाढते. त्याच्याही आधी, काही तासांतच, सीरम अमायलॉइड ए नावाचे दुसरे प्रथिन वर चढते. पण या तपासण्यांना चांगली प्रयोगशाळा हवी. गोठ्याच्या पडवीत जमण्यासारखे तिसरे साधन आहे, फायब्रिनोजेन. रक्त गोठवणारे हेच ते प्रथिन. ते जरा उशिरा वाढते आणि दोन-तीन पटींच्या फारसे पुढे जात नाही. परंतु मोजायला अगदी सोपे.

केसासारख्या बारीक दोन काचनळ्या रक्ताने भरायच्या आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायच्या. एकीतल्या पिवळसर पाण्यातली एकूण प्रथिने मोजायची. दुसरी ५६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३ मिनिटे बुडवायची. दूध नासावे तसे फायब्रिनोजेन तेवढे साकळते. पुन्हा फिरवायचे, उरलेले मोजायचे आणि वजाबाकी करायची. लिटरला ३ ते ७ ग्रॅम निघाले तर ठीक.

गोठ्यात सर्वांत मोठ्याने ठसकत होती ती तांबडी. तिचा आकडा ४. ताप नाही, छाती स्वच्छ. भुशाची धूळ नाकात जात होती. कोपऱ्यात गुमान उभ्या असलेल्या काळ्या-पांढरीचा आकडा ९!

पण रक्त सांगते ते एवढेच, की आग लागली आहे. कुठे, ते सांगत नाही. पिकलेली नाळ, हगवण, शिंगे जाळल्याची जखम, कशानेही हे आकडे वाढतात. पुतण्याने नाळ चाचपली, शेण पाहिले, ताप घेतला : १०४. मग पुढच्या पायाच्या कोपराजवळ नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. फुप्फुसाचा पुढचा, खालचा भाग आधी धरतो म्हणे. तिथे श्वास खरखरत होता.

मालकीणबाई इतका वेळ बादली घेऊन मुकाट उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डाक्टर, चार दिस झालं, ती दुधाला सगळ्यांच्या शेवटी येतीया."

चार दिवस! आमच्या यंत्राच्या आधी ते त्या बाईंना दिसले होते; फक्त त्यांना कुणी विचारले नव्हते.

इंजेक्शन तिला एकटीलाच मिळाले. बाकी सहा जणींवर सकाळ-संध्याकाळ नजर. सरसकट टोचले असते तर मालकाचा पैसा गेलाच असता. शिवाय त्या औषधाला न जुमानणारे जंतू पोसले गेले असते. ते जंतू गोठ्याच्या दारात थांबत नाहीत, तुमच्या-आमच्यापर्यंत येतात. पाचव्या दिवशी ताप उतरला होता. आठवड्याने आकडा ६ वर आला. तरी पुतण्या बजावून गेला, "फुप्फुसावर वण राहिला असेल, तर ही दुधाला कमीच भरेल."

तेव्हापासून एक सवय मला जडली आहे. दिवाळीत घर भरते. गुडघे, पित्त, साखर यांची गाऱ्हाणी फराळाबरोबर चालतात. ती मी ऐकतो, नाही असे नाही. पण माझे लक्ष असते ते ज्यांची काहीच तक्रार नसते त्यांच्याकडे. "मला काय धाड भरलीय?" असे म्हणून जी माउली सगळ्यांची पाने वाढून शेवटी बसते, ती हल्ली किती जेवते, जिना चढताना कुठे थांबते, हे मी मोजतो. रक्त काय, तपासता येईल. पण ते कुणाचे तपासायचे, हे आधी कुणाच्या तरी नजरेला दिसावे लागते.